भरलेल्या 2 टीबी बॅकअप डिस्कवरून 8 टीबीवर: 26 स्नॅपशॉटचा इतिहास न मोडता हलवला त्याची पूर्ण केस

बॅकअपची डिस्क भरली की सगळे एकच सांगतात, मोठी डिस्क घे आणि सगळं त्यात कॉपी कर. फोटोंचं एखादं साधं फोल्डर असेल तर चालतंही ते. पण ज्या बॅकअपमध्ये मागच्या महिन्याचा, मागच्या वर्षीचा कॉम्प्युटर जसाच्या तसा बघता येतो, तिथे नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. तिथे फाइलींचं एकमेकांशी असलेलं नातं पण हलवावं लागतं, आणि ते हललं की नाही हे कॉपी संपल्यावर कळत नाही, रिस्टोर करून बघितल्यावरच कळतं. खालची केस त्यासाठीच सविस्तर लिहितोय, कारण यात अशी एक गोष्ट सापडली जी बॅकअप नीट चालू आहे असं समजणाऱ्या बऱ्याच जणांकडे असू शकते.

काय होतं

ओळखीतल्या एक ताई फोटो आणि व्हिडिओ एडिटिंगचं काम करतात. मशीनवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार), त्यात कामाचा डेटा आणि सिस्टिम मिळून साधारण 900 जीबी. रोज रात्री आरसिंकची (फाइली कॉपी करणारा लिनक्सचा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट चालते आणि बाहेरच्या 2 टीबी डिस्कवर नवीन तारखेचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फाइलींचं फोल्डर, बनवते. रोजचे 7, आठवड्याचे 4, महिन्याचे 12 आणि वर्षाचे 3, असे एकूण 26 स्नॅपशॉट. स्क्रिप्टमध्ये लिंक-डेस्टचा पर्याय लावलेला, म्हणजे जी फाइल कालच्यासारखीच आहे ती परत कॉपी होत नाही, कालच्याच फाइलीला आजच्या फोल्डरात अजून एक नाव मिळतं. यालाच हार्ड लिंक म्हणतात. एकाच माणसाचं नाव 26 हजेरीपटांवर असावं तसं, पटांवर नावं 26 पण माणूस एकच.

म्हणून तर कुठलाही एक स्नॅपशॉट उघडून साइज बघितली की 700-900 जीबी दिसते, असे 26, आणि तरी सगळं 2 टीबीत मावलेलं. आता मावेना. स्क्रिप्ट "जागा शिल्लक नाही" म्हणून मध्येच थांबायला लागली आणि अर्धवट स्नॅपशॉट मागे सोडायला लागली, आणि अर्धवट स्नॅपशॉट हा माझ्या मते बॅकअप न झाल्यापेक्षा वाईट कारण तारीख बघून माणूस निर्धास्त होतो.

ताईंनी 8 टीबीची डिस्क आणून ठेवली होती. म्हणाल्या, "अरे, नुसतं सिलेक्ट ऑल करून कॉपी-पेस्ट केलं तर नाही का चालणार? रात्री लावून झोपते मी."

"ताई, ते केलं तर 8 टीबी पण पुरणार नाही," मी म्हटलं, आणि त्यांना खरंच वाटेना. पण हिशोब सरळ आहे. फाइल मॅनेजर प्रत्येक नावाला वेगळी फाइल समजतो. 26 स्नॅपशॉट गुणिले सरासरी 800 जीबी म्हणजे 20 टीबीच्या वर. 8 टीबीची डिस्क अर्ध्याच्याही आत भरून जाणार आणि जेवढे स्नॅपशॉट गेलेत तेवढ्यातले हार्ड लिंक तुटलेले असणार. त्यात नवीन डिस्क कंपनीतून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आली होती, बऱ्याच तशाच येतात, आणि एक्सफॅटमध्ये हार्ड लिंक नावाचा प्रकारच नाही, लिनक्सच्या परवानग्या आणि ओनर पण त्यात टिकत नाहीत. म्हणजे सिस्टिमचा बॅकअप तिथे गेला की तो सिस्टिमचा राहतच नाही, नुसता फाइलींचा ढीग.

आधी जुन्या डिस्कची तब्येत

काही हलवायच्या आधी स्मार्टसीटीएल चालवलं, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते (स्मार्ट) ती वाचणारी कमांड. यूएसबी केसमधली डिस्क असली की कधी कधी त्याला डिव्हाइसचा प्रकार सॅट आहे असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर काहीच वाचत नाही आणि लोक समजतात डिस्कला स्मार्ट नाहीच. बघायचे आकडे मोजकेच. 5 नंबर, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे सगळ्यात छोटे कप्पे). 197, म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून बदललेले नाहीत असे. 198, म्हणजे स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. आणि 199, जो वाढला की बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्शनचा दोष असतो.

5 शून्य होता. 197 वर 8 दिसले.

डिस्कचा लॉजिकल सेक्टर 512 बाइटचा, पण आतला खरा सेक्टर 4096 बाइटचा. 8 गुणिले 512 बरोबर 4096. म्हणजे बहुतेक एकच खरा सेक्टर खराब. ऐकायला किरकोळ वाटतं, 2 टीबीत 4 केबी. पण कॉपीची पद्धत कुठली घ्यायची हे या एका आकड्याने ठरवलं.

मशीनवरचा चालू डेटा तोपर्यंत धडधाकट होता, म्हणून पहिलं काम केलं ते म्हणजे कामाच्या फोल्डरांची एक साधी कॉपी तिसऱ्याच एका डिस्कवर काढली. स्नॅपशॉट नाही, लिंक नाही, साधी कॉपी. बॅकअप हलवत असताना बॅकअप नसल्यासारखीच अवस्था असते, आणि मशीनची डिस्क नेमकी तेव्हा जाणार नाही याची हमी कोण देणार. रात्रीची स्क्रिप्ट पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारं वेळापत्रक) बंद केली, नाहीतर कॉपी चालू असताना ती मध्येच उठून डिस्कवर लिहायला लागली असती.

रस्ते कुठले होते

पहिला रस्ता सगळ्यात सोपा आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मी हाच सांगेन: नवीन डिस्कवर कोरा बॅकअप सुरू करायचा आणि जुनी डिस्क इतिहास म्हणून कपाटात ठेवायची. काही हलवायचंच नाही. इथे तो घेतला नाही कारण जुनी डिस्क आजारी होती, आणि ताईंना जुन्या प्रोजेक्टच्या आधीच्या आवृत्त्या अधूनमधून खरंच लागतात. कपाटात ठेवलेली आजारी डिस्क उद्या चालू होईलच यावर इतिहास सोपवणं पटलं नाही.

दुसरा रस्ता आरसिंकनेच हलवायचं, हार्ड लिंक जपणारा पर्याय लावून. इथे लक्षात ठेवायचं की आरसिंकचा नेहमीचा ए वाला पर्याय हार्ड लिंक जपत नाही, त्याला कॅपिटल एच वेगळा द्यावा लागतो. आणि आरसिंकला फक्त त्याच एका फेरीत आलेल्या फाइलींमधले लिंक कळतात, म्हणून 26 स्नॅपशॉट एकेक करून नाही, सगळे एकाच फेरीत द्यावे लागतात. एका स्नॅपशॉटमध्ये साधारण 8 लाख नोंदी, तर 26 मध्ये 2 कोटीच्या वर. लिंकवाल्या सगळ्या फाइली कुठल्या कुठल्या याची यादी त्याला मेमरीत धरावी लागते. पण मेमरीपेक्षा मोठी अडचण डिस्कच्या डोक्याची, म्हणजे वाचणाऱ्या हेडची. 7200 आरपीएमची डिस्क एक चक्कर 8.3 मिलिसेकंदात मारते, इकडून तिकडे डोकं न्यायचा वेळ धरला की सेकंदाला साधारण 80 विखुरलेल्या जागा वाचून होतात. 2 कोटी नोंदी भागिले 80, म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तर 70 तासांच्या आसपास नुसतं इकडेतिकडे फिरणं, खरा डेटा अजून वेगळाच. कॅशमुळे प्रत्यक्षात कमी लागेल हे मान्य, पण आजारी डिस्कचं डोकं इतका वेळ नाचवत ठेवणं मला नको होतं.

तिसरा रस्ता, फाइली बघायच्याच नाहीत. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत जसंच्या तसं उचलायचं. हार्ड लिंक, ओनर, परवानग्या, तारखा, सगळं आपोआप येतं कारण आपण फाइलसिस्टिमच (फाइली कुठे कशा ठेवल्यात ती अख्खी रचना) उचलतोय. डिस्क सरळ एका ओळीत वाचली जाते. रिकामी जागा पण कॉपी होते हा तोटा, पण इथे रिकामं होतंच काय. आणि खराब सेक्टर असल्यामुळे ब्लॉक कॉपी करणाऱ्या साध्या डीडी कमांडऐवजी डीडीरेस्क्यू, कारण डीडी नेहमीच्या वापरात चूक आली की तिथेच थांबतं, आणि डीडीरेस्क्यू तो भाग बाजूला नोंदवून पुढे जातं, बाकीचं सगळं आधी सुरक्षित करतं आणि मग अवघड जागेकडे परत येतं.

हाच घेतला.

अख्खी डिस्क का नाही उचलली, फक्त पार्टिशन का, हे पण सांगतो कारण इथे बरेच जण फसतात. जुन्या डिस्कवर पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठून कुठवर याची नोंद) जुन्या एमबीआर पद्धतीचं होतं. एमबीआरमध्ये सेक्टरचा आकडा 32 बिटात लिहिला जातो, 512 बाइटच्या सेक्टरला हे 2.2 टीबीपर्यंतच पोचतं. अख्खी डिस्क उचलली असती तर ते टेबल पण उचललं गेलं असतं आणि 8 टीबीच्या डिस्कवर 2.2 च्या पुढे पार्टिशन वाढवताच आलं नसतं. म्हणून नवीन डिस्कवर आधी नव्या जीपीटी पद्धतीचं टेबल बनवलं, 1 एमबीच्या सीमेपासून सुरू होणारं एकच मोठं पार्टिशन केलं, आणि जुनं पार्टिशन त्या नवीन पार्टिशनमध्ये ओतलं.

नवीन डिस्कला पण थेट कामाला लावलं नाही. टेबल बनवायच्याही आधी स्मार्टची लांब चाचणी, 8 टीबीला ती अर्ध्या दिवसाच्या वर जाते, मग संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहून काढली आणि परत स्मार्टचे आकडे बघितले. चार पॅटर्नवाली पूर्ण बॅडब्लॉक्स चाचणी केली नाही, ती चार वेळा लिहिते आणि चार वेळा वाचते, म्हणजे एकूण 64 टीबीची ये-जा, 150 एमबीच्या वेगाने जवळजवळ 5 दिवस. ज्यांना वेळ आहे त्यांनी जरूर करावी. शून्यं लिहिण्याचा अजून एक फायदा झाला, तो पुढे येतो.

प्रत्यक्ष कॉपी

दोन्ही डिस्क लावल्या आणि आधी एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला काय कुठल्या वेगाने जोडलंय ते सांगणारी कमांड, झाडासारखं दाखवायला लावली. जुन्या डिस्कसमोर 5000 (मेगाबिट दर सेकंदाला), नवीनसमोर 480. 480 म्हणजे ती यूएसबी 2 वर बोलतेय. पोर्ट निळं होतं, डिस्क नवीन होती, केबल ड्रॉवरमधली कुठलीतरी होती. डिस्कबरोबर आलेली केबल लावल्यावर तिकडेही 5000 दिसले. हे बघितलं नसतं तर 38-40 एमबीच्या वेगाने 14 तास गेले असते, बरोबर वेगाने सरासरी 120 धरली तर साडेचार-पाच तासांचं काम.

डेस्कटॉपचं आपोआप माउंट करणं (डिस्क वापरायला जोडून घेणं) बंद केलं. जुन्या डिस्कला कर्नलच्याच पातळीवर फक्त-वाचा करून टाकलं, ब्लॉकडेव्ह नावाच्या कमांडने, कारण ईएक्सटी4 (या डिस्कवरची फाइलसिस्टिम) नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं तरी गरज पडली तर जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) पूर्ण करायला डिस्कवर लिहू शकतं. आणि डिस्कची नावं एसडीबी, एसडीसी अशी न घेता बाय-आयडीमधली लांबलचक नावं घेतली ज्यात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. केबल काढून लावली की एसडीबीचं एसडीसी होऊ शकतं आणि या कामात इनपुट आणि आउटपुट उलटं झालं तर कोऱ्या डिस्कने इतिहास पुसला जातो, परत काही मिळत नाही. ताईंना शेजारी बसवून सीरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरवरून मोठ्याने वाचायला लावले, आणि मी स्क्रीनवरचे जुळवले. हे मला फार आवश्यक वाटतं, दुसऱ्या माणसाचे डोळे.

डीडीरेस्क्यूला मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) दिली आणि लावलं. मॅपफाइल असली की वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. रात्रभर चाललं. सकाळी सगळं वाचून झालं होतं, फक्त एक तुकडा राहिला होता. मॅपफाइलमध्ये त्या ओळीसमोर वजा चिन्ह, आणि लांबी हेक्समध्ये (16 च्या पायाच्या आकड्यांत) 1000, म्हणजे 4096 बाइट. स्मार्टने जे सांगितलं होतं तेच. परत काही वेळा प्रयत्न करायला लावलं, नाहीच वाचलं.

जुनी डिस्क तिथेच सुरक्षितपणे काढून बाजूला ठेवली. केबलसकट. हे का लगेच, तर कॉपीनंतर दोन्ही फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असतो, आणि एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती यादी) यूयूआयडीवरून माउंट लिहिलेलं असतं. दोन्ही डिस्क लागलेल्या असताना मशीन चालू केलं तर कुठली माउंट होईल याचा भरवसा नाही. ईएक्सटी4 वर निदान चुकीची डिस्क माउंट होण्यापुरतंच राहतं, बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असे जुळे एकत्र ठेवले तर डेटाच खराब होऊ शकतो.

ते 4096 बाइट कुणाचे

इथे बरेच लोक थांबतात, 99.99 टक्के आलं, झालं. मला ते सोडवेना. तो ब्लॉक रिकाम्या जागेतला आहे, फोल्डरच्या रचनेतला आहे की कुठल्या फाइलीतला, हे शोधता येतं आणि शोधायलाच हवं.

आधी नवीन पार्टिशनवर ई-टू-एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) जबरदस्तीने पूर्ण चालवलं, स्वच्छ निघालं, म्हणजे फाइलसिस्टिमच्या रचनेला धक्का नव्हता. मग मॅपफाइलमधली जागा घेतली, तिला 4096 ने भागलं, ब्लॉक नंबर मिळाला. डीबगएफएसमध्ये (फाइलसिस्टिम आतून बघायचं साधन) आयचेकला तो नंबर दिला, त्याने आयनोड नंबर, म्हणजे खऱ्या फाइलीचा आतला क्रमांक, दिला. हे पार्टिशन वाढवायच्या आधीच केलं, कारण वाढवताना काही ब्लॉक हलू शकतात. मग फक्त-वाचा माउंट करून फाइंडला त्या आयनोडची सगळी नावं शोधायला लावली, ते बराच वेळ चाललं.

यादी आली. एका जुन्या व्हिडिओ प्रोजेक्टची फाइल. आणि ती एकदा नाही, 19 वेळा, 19 वेगवेगळ्या तारखांच्या फोल्डरात.

ताई म्हणाल्या, "बरं झालं ना मग, 18 तर चांगल्या असतील."

नाही. सगळी मेख इथेच आहे. ती 19 नावं होती, फाइल एकच. डिस्कवर तो ब्लॉक एकदाच लिहिलेला. 4 केबीचा एक सेक्टर गेला आणि 19 तारखांमधली तीच फाइल एकदम खराब झाली. स्नॅपशॉट कितीही असू देत, न बदललेल्या फाइलीची कॉपी त्या डिस्कवर एकच असते. आपण चुकून काही डिलीट केलं किंवा चुकीचं सेव्ह केलं तर स्नॅपशॉट वाचवतात, डिस्कच खराब झाली तर 26 काय आणि 260 काय.

आणि याच्याही पुढची गोष्ट. स्क्रिप्टला हे कधीच कळलं नव्हतं आणि कळलंही नसतं. आरसिंक नेहमीच्या पद्धतीत फाइलीची साइज आणि बदललेली वेळ एवढंच बघतं. दोन्ही जुळलं की फाइल तीच आहे असं धरून नवीन स्नॅपशॉटमध्ये परत लिंक मारतं, आतला मजकूर वाचतच नाही. म्हणजे ती खराब फाइल रोज रात्री मान ताठ ठेवून पुढच्या तारखेत जात होती, आणि आपण नवीन डिस्कवर नुसतं हलवून बॅकअप सुरू केला असता तर 8 टीबीवर पण तीच खराब फाइल वर्षानुवर्षं लिंक होत राहिली असती.

सुदैवाने मूळ फाइल मशीनवर होती आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उघडत होती. दोन्ही फाइली सीएमपीने बाइटला बाइट ताडून बघितल्या. फरक निघाला तो सगळा एकाच 4096 बाइटच्या पट्ट्यात, आणि बॅकअपच्या बाजूला त्या पट्ट्यात सगळीकडे शून्य, कारण आपण डिस्कवर आधी शून्यं लिहिली होती. बाकी एकही बाइट वेगळा नाही. याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही की मूळ फाइल तीच आहे आणि बिघाड तेवढाच आहे.

दुरुस्ती करताना पण एक बारकावा आहे. आरसिंकने परत कॉपी केली तर ते आधी तात्पुरती फाइल बनवतं आणि मग नाव बदलतं, म्हणजे फक्त त्या एका तारखेत नवीन फाइल येते, उरलेल्या 18 नावांखाली खराबच राहते. साधी कॉपीची कमांड सीपी मात्र असलेल्याच फाइलीत आत लिहितं, आयनोड तोच राहतो. म्हणून पार्टिशन लिहिता येईल असं माउंट करून, वेळ आणि ओनर जपणारा पर्याय देऊन सीपीने मूळ फाइल एका नावावर चढवली, आणि 19 च्या 19 तारखा एका झटक्यात दुरुस्त झाल्या. एरवी हार्ड लिंकवाल्या बॅकअपच्या आत असं लिहिणं अजिबात करू नये, कारण इतिहास बदलतो, इथे मुद्दाम तेच हवं होतं.

वाढवणं आणि बाकीची बारीक कामं

परत एकदा ई-टू-एफएससीके, मग रिसाइज-टू-एफएस, काही मिनिटांत फाइलसिस्टिम पूर्ण पार्टिशनभर पसरली. 8 टीबीची डिस्क 7.28 दिसते म्हणून घाबरायचं कारण नाही, कंपनी 1000 च्या पटीत मोजते आणि लिनक्सच्या बऱ्याच कमांडी 1024 च्या. पण ईएक्सटी4 मूळ सेटिंगने 5 टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवतं, 8 टीबीला ते 400 जीबी होतात. डेटा डिस्कवर याची गरज नाही, ट्यून-टू-एफएसने 1 टक्क्यावर आणलं. यूयूआयडी नवीन दिला, लेबल नवीन दिलं, एफएसटॅबमध्ये बदललं. जुन्या डिस्कला हात लावला नाही, तिच्यावर एक बिट पण लिहायचा नाही हे सुरुवातीलाच ठरलं होतं.

एफएसटॅबमध्ये नोफेल लावलं, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन चालू होईल. पण नोफेल लावलं की दुसरा धोका येतो, डिस्क माउंट झाली नसेल तर स्क्रिप्ट त्या रिकाम्या फोल्डरातच बॅकअप घ्यायला लागते, म्हणजे सिस्टिमच्याच डिस्कवर, आणि सिस्टिम डिस्क गच्च भरून मशीन बंद पडतं. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ती जागा खरंच माउंट आहे का हे तपासून नसेल तर मेसेज देऊन थांबायचं असं घातलं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ नसेल तर आजच घाला.

फाइलसिस्टिमच बदलून चेकसमवाली (मजकुरावरून काढलेल्या आकड्याने बिघाड ओळखणारी) घ्यावी का हा प्रश्न ताईंच्या ओळखीतल्या एकाने काढला होता. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असतं तर तो खराब ब्लॉक स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून होणाऱ्या तपासणीत) केव्हाच पकडला गेला असता, हे खरं. तरी मी नको म्हटलं. डिस्क बदलतोय त्याच वेळी फाइलसिस्टिम आणि बॅकअपची पद्धत पण बदलली तर काही बिघडल्यावर कशामुळे बिघडलं हे शोधता येत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा स्क्रिप्ट चेकसमच्या पर्यायाने चालेल असं केलं, त्या रात्री ती दोन्हीकडचा मजकूर पूर्ण वाचते आणि जे जुळत नाही ते लिंक न करता परत कॉपी करते. वेळ लागतो, लागू दे. चेकसम लावला तरी मशीनवरचीच फाइल खराब असेल तर तीच पुढे जाते हे मात्र ध्यानात ठेवायचं, म्हणून त्या रात्रीची बदललेल्या फाइलींची यादी ताई सकाळी नजरेखालून घालतात.

रिस्टोर करून बघितलं तेव्हा

आधी ताजा स्नॅपशॉट आणि मशीनवरचा चालू डेटा यांची चेकसमने तुलना, ड्राय रन लावून, म्हणजे कॉपी काही होणार नाही नुसती यादी येईल. यादीत फक्त त्या आठवड्यात काम केलेल्या फाइली आणि सिस्टिमचे लॉग. बरोबर. मग सगळ्यात जुन्या वार्षिक स्नॅपशॉटमधून, मधल्या एका महिन्यातून अशा ताईंनीच निवडलेल्या काही फाइली वेगळ्या फोल्डरात काढून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या.

मग खरी परीक्षा. एक रिकामी एसएसडी घेतली, लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) मशीन चालू केलं, मूळ एसएसडी आधी काढून ठेवली, आणि स्नॅपशॉटमधली अख्खी सिस्टिम रिकाम्या एसएसडीवर परत आणली. आणताना हार्ड लिंकबरोबर एसीएल (परवानग्यांचे जास्तीचे नियम), एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट आणि युजरचे आकड्यातले आयडी जपणारे पर्याय पण दिले, कारण लाइव्ह यूएसबीवरचे युजर आणि आपले युजर वेगळे असतात. बॅकअपमधून प्रॉक, सिस, डेव्ह आणि रन ही फोल्डरं वगळलेली होती, जी बरोबरच आहे, पण परत आणल्यावर ती रिकामी फोल्डरं हाताने बनवावी लागतात नाहीतर बूट अडकतो. एफएसटॅबमध्ये नव्या एसएसडीचे यूयूआयडी टाकले, सीएचरूट करून, म्हणजे त्या परत आणलेल्या सिस्टिमच्या आत जाऊन, ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) परत बसवलं, रिस्टार्ट. लॉगिन स्क्रीन आली, ताईंचा डेस्कटॉप आला, शेवटचं उघडलेलं प्रोजेक्ट यादीत वरती.

यातली प्रत्येक पायरी आम्ही कागदावर लिहून काढली आणि तो कागद डिस्कच्या खोक्यात ठेवला. ज्या दिवशी मशीन जाईल त्या दिवशी स्क्रीनवरची फाइल वाचता येणार नाही.

मॅक वापरणाऱ्यांनी हीच पद्धत टाइम मशीनला लावू नये. 2020 मध्ये बिग सर आल्यापासून नवीन टाइम मशीन डिस्क एपीएफएसवर बनते, तिथे इतिहास हार्ड लिंकवर चालत नाही, फाइलसिस्टिमचेच स्नॅपशॉट असतात, आणि फाइंडरमधून ओढून टाकून तो इतिहास दुसऱ्या डिस्कवर जात नाही. तिथे मी वर सांगितलेला पहिला रस्ताच धरा, नवीन डिस्कवर नवीन सुरुवात आणि जुनी जपून ठेवा.

ताईंची जुनी 2 टीबी डिस्क सध्या "वापरू नये, लिहू नये" असा कागद चिकटवून वेगळी ठेवलीय. महिन्याची चेकसमवाली फेरी नव्या डिस्कवर नीट पार पडली आणि नव्या डिस्कचा 5 आणि 197 शून्यावर राहिला की मग जुनी पुसून टाकायची. आणि 19 तारखा एका सेक्टरने जातात हे बघितल्यावर ताईंनी स्वतःहूनच अजून एक 8 टीबी घ्यायची ठरवलीय, ती आठवड्यातून एकदाच लावायची, बाकी वेळ त्यांच्या भावाकडे राहील.